घशातला काटा आणि उजेडाचा शोध

माणसाचा घसा हा शरीरातला एक अडचणीचा चौक आहे. नाकातोंडातून येणारी हवा आणि तोंडातून जाणारे अन्न यांच्या वाटा येथे एकमेकींना छेदतात. हवेला पुढच्या बाजूच्या स्वरयंत्रातून श्वासनलिकेत जायचे असते आणि अन्नाला तिच्या मागे असलेल्या अन्ननलिकेत उतरायचे असते. प्रत्येक घोटासरशी स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरील पडदी झाकणासारखी मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि घास मागच्या वाटेने खाली सरकतो. ही क्रिया दिवसातून शेकडो वेळा बिनबोभाट घडते. म्हणूनच एखादे दिवशी माशाचा काटा, हाडाचा तुकडा, नाणे किंवा कवळी या चौकात अडकली, की माणूस गोंधळून जातो.

अडकण्याच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. बारीक, टोकदार काटा टॉन्सिलमध्ये, जिभेच्या मुळाशी, जिभेचे मूळ आणि स्वरयंत्राची पडदी यांमधील खळगीत किंवा स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट कोनाड्यांत रुततो. नाणे, मोठे हाड किंवा मांसाचा घास थोडा खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी थांबतो. तेथे स्नायूंचे एक वर्तुळ असते आणि एरवी ते आवळलेलेच राहते. प्रौढ माणसात हे ठिकाण पुढच्या दातांपासून सुमारे १५ सेंटीमीटरवर, मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर येते. अन्नमार्गातील ही एक अतिशय अरुंद जागा होय.

अडकलेल्या वस्तूपुढे वैद्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात. ती नेमकी कोठे आहे, आणि भोवतीच्या नाजूक भिंतीला इजा न करता ती काढायची कशी? दुसऱ्या प्रश्नावर माणसाने फार लवकर हात चालवला. पहिल्याचे उत्तर मिळायला मात्र दोन हजार वर्षांच्या आसपास काळ लागला. उत्तर मिळाल्याशिवाय हात चालवण्याची किंमत त्या काळातील रुग्णांनी मोजली.

सुश्रुताचा विचार

या विषयावरील सर्वात जुन्या आणि तपशीलवार लेखनापैकी एक भारतातील आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसावा अध्याय शरीरात शिरलेली शल्ये बाहेर काढण्याविषयी आहे. संहितेचा मूळ काळ निश्चित सांगता येत नाही. तिच्यावर अनेक शतके संस्कार होत गेले. नेपाळमध्ये जपलेली तिची एक हस्तलिखित प्रत इसवी सन ८७८ मधील आहे. म्हणजे हा मजकूर किमान अकराशे वर्षे वैद्यांच्या हाती होता, एवढे तरी निर्विवाद आहे.

या अध्यायात घशातील शल्यांसाठी एकच सरसकट उपाय दिलेला नाही. वस्तू कशाची आहे आणि ती कशी अडकली आहे, यावर उपाय ठरतो. लाखेचा तुकडा अडकला असेल, तर प्रथम घशात एक नळी घालावी आणि त्या नळीतून तापवलेली शलाका आत न्यावी. उष्णतेने लाख मऊ होऊन शलाकेला चिकटते. मग गार पाणी ओतून ती घट्ट होऊ द्यावी आणि शलाकेसह बाहेर ओढावी. तापलेला धातू घशाच्या भिंतीला लागू नये, ही सोय नळीमुळे होते. वस्तू लाखेची नसेल, तर शलाकेलाच लाख आणि मेण लावून तिला चिकटवून काढावी, असे काहींचे मत म्हणून नोंदवले आहे.

हाड किंवा तत्सम वस्तू घशात आडवी बसली असेल, तर उपाय निराळा आहे. केसांचा एक गोळा मजबूत दोऱ्याला बांधून पातळ अन्नासोबत रुग्णाला गिळायला द्यावा, गळ्यापर्यंत पोट भरल्यावर त्याला उलटी करवावी, आणि शल्याचे टोक केसांत गुंतले आहे असे जाणवताच दोरा झटक्यात ओढावा. दात घासण्याच्या काडीच्या मऊ कुंच्याने ती वस्तू काढावी किंवा आत ढकलावी, असाही पर्याय आहे. अन्नाचा घास अडकला असेल, तर रुग्णाला कल्पना न देता त्याच्या खांद्यावर मुठीने प्रहार करावा, किंवा त्याला स्नेह, मद्य वा पाणी पाजावे. या सर्व खटाटोपात घसा सोलवटला, तर मध आणि तूप चाटायला द्यावे किंवा त्रिफळेचे चूर्ण मध-साखरेबरोबर द्यावे.

या वर्णनाकडे पाहण्याच्या दोन चुकीच्या रीती आहेत. पहिल्या रीतीत त्याची जुनाट म्हणून थट्टा होते. दुसरीत आधुनिक वैद्यकातले सारे काही येथे आधीच होते, असा दावा केला जातो. मजकूर शांतपणे वाचला, तर वेगळेच चित्र उभे राहते. वस्तूच्या द्रव्याचा, आकाराचा आणि स्थितीचा विचार करून साधन निवडणे ही शिस्त त्यात स्पष्ट दिसते, आणि ती आजही पाळली जाते. मात्र केसांच्या गोळ्यात हाड गुंतले की नाही, हे वैद्याला केवळ दोऱ्याच्या ताणावरून कळत होते. झटका बसल्यावर हाड सुटून येईल की भिंत फाडून येईल, याचा अंदाज बांधण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते.

ही उणीव पुढच्या पिढ्यांना जाणवली असावी. सुमारे सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात यंत्रांविषयीचा एक अध्याय आहे. त्यात घशातील शल्य पाहण्यासाठी एक खास नळी सांगितली आहे. तिची लांबी दहा अंगुळे आणि घेर त्याच्या निम्मा. तिचा उद्देशच अवलोकन हा आहे. आधी पाहावे आणि मग हात घालावा, हा विचार येथे एका उपकरणाच्या रूपात मांडलेला दिसतो. तरीही नळी ही केवळ वाट असते. त्या वाटेने उजेड आत नेण्याचे तंत्र वाग्भटापाशी नव्हते, आणि पुढे हजार वर्षांहून अधिक काळ जगात कोणापाशीच नव्हते.

आंधळ्या हाताची शतके

युरोपातही दीर्घकाळ हात आंधळाच राहिला. तेथील वैद्यांच्या पेटीत दोन साधने हमखास असत. पहिले म्हणजे देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीपासून केलेली लांब काडी. तिच्या टोकाला स्पंज किंवा राठ केसांचा झुबका असे. काडी घशातून खाली उतरवायची, मग टोकाचे केस छत्रीसारखे उघडायचे आणि काडी वर ओढायची. मधला काटा केसांत अडकून यावा, ही अपेक्षा. दुसरे साधन नाणे पकडण्यासाठीचे होते. लवचीक दांड्याच्या टोकाला असलेला धातूचा हुक नाण्याच्या पलीकडे नेऊन ते वर ओढले जाई. केसांचा गोळा आणि हा झुबका यांच्यातील साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. एकच अडचण वेगवेगळ्या देशांतील माणसांना सारख्याच उपायाकडे घेऊन जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

काही वेळा ही साधने यशस्वी ठरत. अपयशी ठरत, तेव्हा मात्र परिणाम भयानक असे. अन्ननलिकेची भिंत पातळ असते, आणि पोटातील आतड्यांवर असते तसे बाहेरचे चिवट आवरण तिला नसते. काट्याचे टोक किंवा हुक भिंतीतून आरपार गेला, तर लाळ आणि जंतू मानेच्या खोल थरांत शिरतात. हे थर खाली थेट छातीच्या पोकळीशी, हृदयाभोवतीच्या जागेशी जोडलेले आहेत. मानेत सुरू झालेला पू गुरुत्वाकर्षणाने आणि श्वासाच्या ओढीने तेथवर उतरतो. प्रतिजैविके नसलेल्या काळात अशा रुग्णाच्या वाचण्याची आशा फार थोडी असे. मान बाहेरून उघडून अन्ननलिकेतील वस्तू काढण्याचे धाडस अठराव्या शतकापासून फ्रेंच शल्यचिकित्सकांनी केले होते. पण भूल आणि निर्जंतुकीकरण यांच्या अभावी तो अखेरचाच मार्ग राहिला.

उजेड आत नेण्याची धडपड

१८०६ मध्ये फिलिप बोत्सिनी या जर्मन वैद्याने शरीराच्या पोकळ्यांत डोकावण्यासाठी एक प्रकाशवाहक तयार केला. त्यात मेणबत्ती होती, तिचा उजेड परावर्तित करणारा आरसा होता आणि पुढे नळी होती. उजेड मंद पडला आणि समकालीन वैद्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. तरी उजेड आणि डोळा यांना एकाच नळीतून आत नेण्याची कल्पना त्यातून रुजली.

घशाच्या बाबतीतला पुढचा महत्त्वाचा टप्पा वैद्याने गाठला नाही. मान्वेल गार्सिया हा गायनशिक्षक होता. आवाज नेमका कसा निर्माण होतो, याचे कुतूहल त्याला स्वस्थ बसू देत नव्हते. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात मागे धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःच्या हलत्या स्वरतंतूंचे दर्शन घेतले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे निरीक्षण सादर झाले. गार्सियाच्या आरशाने जिभेचे मूळ आणि स्वरयंत्राचा भोवताल वैद्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात आणला. काटे जेथे सर्वाधिक रुततात तीच ही जागा.

त्याखालचा भाग अजून अंधारातच होता. १८६८ मध्ये फ्रायबुर्ग येथे आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका कलाकाराच्या मदतीने सरळ, ताठ नळी अन्ननलिकेतून जठरापर्यंत उतरवून दाखवली. मान मागे झुकवली की तोंड, घसा आणि अन्ननलिका जवळजवळ एका रेषेत येतात, हे त्या कलाकाराचे कसब होते. वैद्यकाने ते त्याच्याकडून उचलले. मात्र दिव्याचा उजेड इतक्या खोलवर पुरत नव्हता. १८८१ मध्ये व्हिएन्नात योहान मिकुलिच यांनी योझेफ लाइटर या उपकरणकाराच्या साहाय्याने विजेवर तापणाऱ्या प्लॅटिनमच्या तारेचा दिवा वापरून अन्ननलिका पाहण्याचे साधन घडवले. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनचा स्थानिक भुलीसाठी उपयोग दाखवून दिला. घसा बधिर करता येऊ लागल्यामुळे उलटीची उबळ आवरली आणि नळी स्थिर धरता येऊ लागली.

१८९७ मध्ये फ्रायबुर्गमध्येच गुस्टाव किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या श्वासवाहिनीत अडकलेले हाड नळीतून पाहून, चिमट्याने धरून बाहेर काढले. ही घटना घशाच्या खाली, श्वासमार्गात घडली. तिचा परिणाम मात्र अन्नमार्गावरही झाला. दिसत असलेली वस्तू डोळ्यांदेखत धरून काढता येते, हे आता सिद्ध झाले होते.

सावलीने सांगितलेली जागा

दरम्यान १८९५ च्या नोव्हेंबरात व्हिल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला होता. पुढच्याच वर्षी ग्लासगो येथील जॉन मॅकिंटायर यांनी रुग्णालयात क्ष-किरण विभाग सुरू केला, आणि तेथील आरंभीच्या चित्रांत एका लहान मुलाच्या घशात अडकलेल्या नाण्याचे चित्र होते. भारतातही ही विद्या लवकर पोहोचली. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात क्ष-किरण निर्माण करणारे साधन स्वतः जुळवले होते.

नाण्याच्या सावलीतून केवळ त्याचे अस्तित्व कळते असे नाही. अन्ननलिका पुढून मागे चपटी असल्यामुळे तिच्यातील नाणे समोरून घेतलेल्या चित्रात बहुधा पूर्ण वर्तुळासारखे दिसते, तर बाजूने घेतलेल्या चित्रात त्याची कड दिसते. श्वासनलिकेतील नाण्याच्या बाबतीत सामान्यतः याच्या उलट घडते. एका चित्रावरून वस्तू कोणत्या वाटेत आहे हे ओळखण्याची ही युक्ती विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाते.

सावलीलाही मर्यादा होत्या. लाकडाची काडी आणि बहुतेक प्लास्टिक यांची सावली पडत नाही. माशांच्या काट्यांत कॅल्शियमचे प्रमाण आणि जाडी वेगवेगळी असते. मानेतील स्नायू आणि स्वरयंत्राच्या हाडाळलेल्या कूर्चा यांच्या गर्दीत बारीक काटा हरवून जातो. अॅक्रिलिकची कवळी तर साध्या चित्रात जवळजवळ अदृश्यच राहते. चित्रात काही दिसले नाही म्हणून घशात काही नाही असा निष्कर्ष काढण्याची चूक या मर्यादेतूनच जन्मते.

जॅक्सन यांची शिस्त

ही सारी साधने एका शिस्तीत बांधण्याचे श्रेय शेव्हॅलिए जॅक्सन या अमेरिकन वैद्याला दिले जाते. १८६५ मध्ये जन्मलेल्या जॅक्सन यांनी आधी पिट्सबर्ग आणि नंतर फिलाडेल्फिया येथे काम केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी नळीच्या आतल्या टोकाशीच इवलासा विजेचा दिवा बसवलेली उपकरणे प्रचारात आणली. उजेड बाहेरून आत पाठवण्याऐवजी तो वस्तूच्या शेजारीच पेटू लागला.

जॅक्सन यांच्या कामाचे वैशिष्ट्य उपकरणांइतकेच पूर्वतयारीत होते. रुग्णाने जी वस्तू गिळली असेल, तशीच दुसरी वस्तू मिळवून ते रबरी नळीत ठेवत आणि ती कोणत्या चिमट्याने, कोणत्या बाजूने धरल्यास सुखरूप सुटते, याचा सराव करत. उघडी सेफ्टी पिन टोक वर करून अडकली असेल, तर ती तशीच ओढल्यास अन्ननलिका चिरली जाणार हे उघड होते. त्यासाठी पिन आधी जठरात उतरवायची, तेथील ऐसपैस जागेत तिचे तोंड फिरवायचे आणि मग टोक मागे ठेवून ती वर आणायची, अशी पद्धत त्यांनी रूढ केली. क्षणभर उलट दिशेने जाण्याचा हा धीर आंधळ्या हाताला कधीच शक्य नव्हता.

काढलेली प्रत्येक वस्तू नोंदीसह जपून ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात त्यांच्या संग्रहातील २,३७४ वस्तू आहेत. नाणी, पिना, बटणे, हाडे, बिया, खेळण्यांचे तुकडे अशा वस्तूंनी भरलेले ते खण पाहताना घराघरांतील निष्काळजीपणाचा जणू इतिहासच समोर उलगडतो. जॅक्सन यांनाही त्यातून तोच धडा मिळाला. दाहक क्षार चुकून प्यायल्यामुळे अन्ननलिका आक्रसलेली मुले त्यांच्याकडे वारंवार येत. अशा पदार्थांच्या डब्यांवर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक व्हावे, म्हणून त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि १९२७ मध्ये अमेरिकेत तसा कायदा झाला. चिमट्याने जेवढी मुले वाचली, त्याहून अधिक त्या सूचनेने वाचली असावीत, असे मानायला जागा आहे.

वळणारा उजेड

ताठ नळीची एक अडचण उरली होती. तिच्यासाठी रुग्णाची मान एका विशिष्ट स्थितीत ताणावी लागे, आणि बहुतेकदा पूर्ण भूल लागे. वळणदार वाटेने उजेड आणि प्रतिमा दोन्ही नेता आल्या तर ही अडचण सुटणार होती. येथे पंजाबमधील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचे नाव येते. प्रकाश केवळ सरळ रेषेत जातो, असे देहरादूनला शिकत असताना आपल्या शिक्षकांनी सांगितले आणि ते आपल्याला पटले नाही, अशी आठवण ते सांगत. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत त्यांनी काचेच्या हजारो बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. २ जानेवारी १९५४ च्या ‘नेचर’मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. काचेच्या तंतूत शिरलेला प्रकाश त्याच्या भिंतींवरून पुन्हापुन्हा आतच परावर्तित होतो आणि तंतू वळला तरी त्याच्यासोबत पुढे जातो, हे त्यामागचे तत्त्व.

त्या शोधनिबंधातून प्रेरणा घेऊन बेसिल हर्शोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात लवचीक दुर्बीण तयार केली. १९५७ मध्ये हर्शोविट्झ यांनी ती आधी स्वतःच्या घशातून उतरवून पाहिली. कपानी यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला, तेव्हा त्यांच्या नावाची चर्चा मुख्यतः इंटरनेटच्या तारांच्या संदर्भात झाली. मात्र त्या १९५४ च्या निबंधाचा विषय शरीराच्या आत डोकावू शकणारी लवचीक दुर्बीण हाच होता.

१९७१ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले. पुढे या तंत्राने मानेचे पातळ काप दाखवायला सुरुवात केल्यावर बारीक काट्याची जागा, त्याची दिशा आणि तो भिंतीबाहेर सरकला आहे का, हे मिलिमीटरमध्ये सांगता येऊ लागले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अखेर हाती आले होते.

आजचा क्रम आणि आजची घाई

आज कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे असा रुग्ण गेला, की तपासणीचा क्रम या इतिहासाचाच सारांश असतो. आधी विचारपूस: काय गिळले, कधी, कोठे टोचते, लाळ गिळता येते का, श्वास लागतो का. घशाच्या वरच्या भागातील काट्याची जागा रुग्ण बरीचशी अचूक दाखवू शकतो. खाली जावे तशी ही अचूकता कमी होते. मग कपाळावरच्या दिव्याने टॉन्सिलची पाहणी होते, त्यानंतर नाकातून नेलेल्या बारीक लवचीक दुर्बिणीने जिभेचे मूळ आणि स्वरयंत्राभोवतीचा भाग तपासला जातो. तेथेही काही दिसले नाही आणि त्रास कायम असेल, तर सीटी स्कॅन होते. अनेकदा काटा केव्हाच निघून गेलेला असतो आणि त्याचा ओरखडाच टोचत राहतो. हेही पाहिल्याशिवाय ठरत नाही. दुर्बिणीने काढायची वस्तू असेल, तर आधी बेरियम पाजणे टाळतात, कारण त्याच्या पांढऱ्या लेपाखाली सारे झाकले जाते. काटा भिंत भेदून मानेत गेला असेल, तर बाहेरून शस्त्रक्रिया करावी लागते. ताठ नळीही इतिहासजमा झालेली नाही. मोठे हाड किंवा हुकांची कवळी काढताना तिचाच आधार घेतात.

या शिस्तीच्या विरुद्ध दिशेने जाणारी एक सवय घरोघरी टिकून आहे. कोकणापासून बंगालपर्यंत मासे खाणाऱ्या बहुतेक घरांत काटा लागला, की कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे न चावता गिळायला सांगतात. सैल बसलेला काटा कधी त्यासोबत उतरतो आणि उपायाला यश लाभते. रुतलेला काटा मात्र त्या गोळ्याच्या दाबाने अधिक खोल जातो. मुलाच्या घशात बोट घालून चाचपडणे हाही याच जातीचा उपाय आहे. त्याने वस्तू श्वासमार्गाकडे ढकलली जाऊ शकते. ज्याचा श्वासच कोंडला आहे, बोलता वा खोकता येत नाही, त्याची गोष्ट वेगळी. तेथे क्षणाचाही विलंब न करता पाठीवर थापा आणि पोटावर झटके देण्याचे प्रथमोपचार करावे लागतात. श्वास सुरू असताना मात्र घाई उपयोगाची नाही.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बटणाच्या आकाराची बॅटरी क्ष-किरण चित्रात नाण्यासारखीच गोल दिसते. बारकाईने पाहिल्यास कडेला दुहेरी वर्तुळ आढळते आणि बाजूच्या चित्रात एक पायरी दिसते. नाणे गिळलेल्या आणि कोणताही त्रास नसलेल्या मुलाला डॉक्टर काही तास निरीक्षणाखाली ठेवू शकतात, कारण नाणे अनेकदा आपोआप जठरात उतरते. बॅटरीला ही सवलत नाही. ओलसर भिंतीला टेकताच तिच्यातून वीज वाहू लागते, तिच्या ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते. २०१८ मध्ये फिलाडेल्फियातील संशोधकांनी डुकराच्या पिलांवरील प्रयोगात मधामुळे ही इजा सौम्य होते असे दाखवले. त्यानंतर अमेरिकेतील विषबाधा मार्गदर्शनात एक सूचना आली: १ वर्षाहून मोठ्या मुलाने गेल्या १२ तासांत बॅटरी गिळली असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर रुग्णालयाकडे जाताना दर १० मिनिटांनी २ चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त ६ वेळा, मधासाठी निघण्यास मात्र उशीर करू नये. १ वर्षाखालील बालकाला मध देऊ नये.

सुश्रुताने सोलवटलेल्या घशाला मध सांगितला होता, हे येथे आठवणे स्वाभाविक आहे. परंतु त्याला विजेची बॅटरी ठाऊक नव्हती आणि अल्कलीच्या रसायनाचा विचार त्याच्या उपायामागे नव्हता. दोन्ही ठिकाणी मध आला, एवढ्यावरून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे ठरत नाही. सुश्रुताचा खरा वारसा वस्तूचे द्रव्य ओळखून उपाय निवडण्याच्या पद्धतीत आहे. नाणे आणि बॅटरी यांतील भेद ओळखणारा डॉक्टर आज नेमके तेच करतो.

भारतासारख्या देशात हा भेद ओळखणारे क्ष-किरण यंत्र आणि बॅटरी काढू शकणारी दुर्बीण यांच्यामध्ये अनेकदा तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंतचा रस्ता असतो. दोन तासांच्या हिशेबात तो रस्ता फार लांब ठरतो. म्हणून जॅक्सन यांच्या दोन सवयी प्रत्येक घराने उचलण्यासारख्या आहेत. पहिली प्रतिबंधाची: रिमोट, खेळणी, वजनकाटे यांच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद असावे आणि वापरून संपलेल्या बॅटऱ्या मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात. दुसरी पूर्वतयारीची: मुलाने काही गिळल्याचा संशय आला, तर तशीच दुसरी वस्तू किंवा तिचे वेष्टन सोबत घेऊन निघावे. आत काय आहे हे डॉक्टरला मूल टेबलावर येण्याआधीच कळले, तर पुढच्या तयारीतील मोलाची मिनिटे वाचतात.